चौथऱ्यातला ब्लू-रे

मी आयुष्यात ज्या ज्या वस्तूला 'हेच भविष्य' म्हणालो, ती वस्तू थोड्याच दिवसांत भंगारवाल्याच्या टेम्पोत दिसली. आमच्या भुकूम गावात हे आता इतकं पक्कं झालंय की मी एखाद्या यंत्राची स्तुती सुरू केली की शेजारी आपलं तसलं यंत्र आधी विकून मोकळा होतो. फॅक्सचं मशीन गावात पहिलं माझ्याकडे आलं. त्यावर कधी काही आलं नाही, कारण पाठवणार कोण? दुसरं मशीन गावात कुणी घेतलंच नव्हतं.

तर ब्लू-रे.

पौड रस्त्यावर माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. सीडी गेली, डीव्हीडी आली, तीही म्हातारी झाली, तेव्हा मी ठरवलं की आपण आता मागे राहायचं नाही. निळ्या लेसरची डिस्क लिहिणारा ड्राइव्ह आणला, सोबत कोऱ्या डिस्कांची चवड आणली, आणि दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं की इथे आपलं लग्न हायडेफिनिशनमध्ये कायमचं जपून मिळेल. पहिल्याच नवऱ्या मुलाने डिस्क हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि विचारलं, "हे कुटं घालायचं?"

ते घालायला प्लेअर एकाही गिऱ्हाइकाकडे नव्हता. सगळे म्हणायचे, पेन ड्राइव्हवर द्या. मी म्हणायचो, पेन ड्राइव्ह हरवतो. ते म्हणायचे, लग्नाचा व्हिडिओ हरवला तर बरंच.

माझं बोलणं मनापासून ऐकून घेणारा एकच माणूस होता, माझे चुलते, आप्पा. त्यांना कुठल्याही यंत्राचं ज्ञान नाही, पण कुतूहल दांडगं. एकदा गोठ्यासमोर बसून मी त्यांना तिन्ही डिस्कांमधला फरक सांगितला. म्हटलं, "आप्पा, समजा रान एकच आहे. सीडी म्हणजे त्यात ऊस लावला. सऱ्या लांब लांब, मावतो थोडा. डीव्हीडी म्हणजे भात लावला, जरा दाट. आणि ब्लू-रे म्हणजे मेथीचा वाफा. बोट ठेवायला जागा नाही इतकं दाट. ते वाचायला लेसरपण बारीक लागतो, निळा. म्हणून चित्र इतकं स्वच्छ, की माणसाच्या मिशीतले केस मोजा."

आप्पांनी तंबाखू चोळता चोळता विचार केला. "आन् टिकतं किती?"

"शंभर वर्षं."

"मेथी म्हैनाभर टिकत न्हाई आन् हे शंभर वर्सं? आरं, उदाहरन तरी धड दे."

आप्पांचा बैल शर्यतीचा होता. बैलाला नाव होतं, पण ते मी इथे लिहिणार नाही. आप्पांनी मनाई केलीय. म्हणाले, "छापून आलं की लोकं नावानं हाका मारत्यात. आता त्यो काय वळून बघायचा न्हाई." आमच्या भागात बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, पळणारा बैल म्हणजे घरातला कर्ता मुलगा, फरक इतकाच की त्याला अंडी, दूध आणि कौतुक वेळेवर मिळतं. शेजारच्या गावच्या जत्रेत हा बैल पहिला आला, तेव्हा मी माझा चांगला कॅमेरा घेऊन घाटात हजर होतो. धावण्याआधी बाभळीखाली बांधलेला असताना मी त्याचं निवांत शूटिंग केलं. मग धाव.

धावेचं शूटिंग मी कसं केलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला माझ्याइतकाच घाम फुटेल. गाडा सुटला, लोक उठले, मागून रेटा आला, आणि मी कॅमेऱ्यासकट आडवा झालो. कॅमेरा मात्र कर्तव्यदक्ष. त्याने आभाळ घेतलं, दोन-तीन टोप्या घेतल्या, एक एकटी चप्पल घेतली, तीही अत्यंत स्वच्छ. बैलाचं शेपूटसुद्धा त्यात नव्हतं. घरी आल्यावर आप्पांनी विचारलं, "घावला का बैल?" मी म्हणालो, "आप्पा, असा घावलाय की बास." आता इतक्या गुलालात खरं कोण बोलतं?

मग मी त्या शूटिंगची डिस्क केली. कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती म्हणून तिथलं काढून टाकलं. कॅमेऱ्याचं कार्ड एका साखरपुड्याला लागत होतं म्हणून तेही पुसलं. बायको म्हणाली, "एक तरी राहू द्यायचं होतं कुठे." मी तिला समजावलं की डिस्क असताना बाकीच्या प्रती ठेवणं म्हणजे देवळात देव असताना भिंतीवर कॅलेंडर लावणं. ती म्हणाली, "आपल्या घरात तेच बघून पाया पडतात सगळे."

पुढच्या वर्षी बैल गेला. वय झालं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मिरवणूक निघाली, दहावा झाला, प्रवचन झालं, जेवणावळ झाली. घरासमोरच्या ज्या रानात त्याला पुरलं तिथे, रस्त्याच्या कडेला, आप्पांनी चौथरा बांधायला काढला. वर्षश्राद्धाला त्यावर बैलाचा पुतळा बसवायचा होता. चौथऱ्याच्या पोटात काय काय घालायचं यावर भावकीत चर्चा झाली: नारळ, सुपारी, हळकुंड, त्याची घुंगरमाळ. मी मागे कसा राहीन? काकीच्या स्वयंपाकघरातला पोह्यांचा स्टीलचा डबा रिकामा केला, त्यात डिस्क ठेवली, आणि पुढे होऊन भाषण केलं.

"आणखी शंभर वर्षांनी," मी म्हणालो, "आपल्या गावची पुढची पिढी हा चौथरा उघडेल..."

"कशाला उघडंल?" आप्पा म्हणाले. "चांगला बांधतोय की आपन."

तरी मी डबा आत ठेवला. गवंडी सिमेंट बेताने टाकत होता. मी त्याला म्हणालो, हात आखडू नका, इतिहास आहे आत. आणि स्वतः दोन पाट्या जास्त ओतल्या. काकी तेवढी मागून म्हणत होती, "आरं, डबा माजा हाय त्यो." इतिहासापुढे तिचं कोण ऐकतंय?

मूर्तिकार पौडच्या पुढचा. वर्षभर गणपती करणारा चांगला कलाकार. त्याने मातीचा नमुना करून आणला आणि वरचा ओला कपडा काढला. बैल देखणा होता, वशिंड जोरदार होतं, पण डोळे थेट गणपतीचे. शांत, मायाळू, कपाळाला हात लावला तर आशीर्वाद देतील असे. भावकीतल्या एका म्हातारीने तर नमस्कारही केला.

"ह्यो न्हाई," आप्पा म्हणाले.

मूर्तिकाराने पुढच्या खेपेला डोळे बदलून आणले. या वेळी मान ताठ, नजर करडी, भुवया चढलेल्या.

"ह्यो तर तहसीलदार झाला," आप्पा म्हणाले.

"आप्पा, शर्यतीचा बैल रुबाबदारच पाहिजे ना?"

"रुबाब हाय. पन ह्यो मला वळखत न्हाई." आप्पा नमुन्याभोवती फिरले, समोर उकिडवे बसले. "आमचा माज्याकडं बगायचा. कसा बगायचा ते मला सांगता येत न्हाई. पन ह्यो तसा बगत न्हाई."

मूर्तिकार म्हणाला, फोटो द्या. फोटो निघाले. घराघरातून मोबाईल आले. एका फोटोत बैल गुलालात पूर्ण बुडालेला, एकात त्याच्या तोंडापुढे कुणाच्या तरी मेव्हण्याचा अंगठा, एकात बैलावर हात टाकून उभे असलेले इतके पाहुणे की बैल कोणता असं मूर्तिकाराने खरोखरच विचारलं. व्हिडिओही होते, पण ते या मोबाईलवरून त्या मोबाईलवर जात जात इतके झिजले होते की आमचा बैल त्यात विटेसारखा दिसत होता. तपकिरी वीट डावीकडून उजवीकडे जाते, लोक ओरडतात, संपलं.

आप्पा उठले, धोतर झटकलं आणि शांतपणे म्हणाले, "मनासारखा झाला तर बसवीन. न्हाईतर चौथरा मोकळा ठिवीन. कुनाचा बी बैल आनून माज्या बैलाच्या डोक्यावर उबा करनार न्हाई."

काकी तिथेच खाली बसली. आमंत्रणं तोंडी सगळीकडे पोचली होती, माण-मारुंजीपासून साऱ्या गाडामालकांना. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. रिकाम्या चौथऱ्यासमोर जेवायला बसायचं म्हणजे लोकांना वर्षभराचा विषय. पण खरी गोष्ट त्याहून साधी होती. म्हाताऱ्याला त्याचा बैल एकदा धड बघायचा होता.

आणि तेवढ्यात आप्पा माझ्याकडे वळले.

"तुजं ते तबकडं कुटं हाय रं? ज्यात मिशीतलं केस दिसत्यात?"

मी चौथऱ्याकडे बघितलं. मग मूर्तिकाराने बघितलं, मग काकीने, मग सगळ्या भावकीने. ज्या चौथऱ्यावर बैल उभा करायचा, तो बैल कसा दिसत होता ते त्या चौथऱ्याच्या पोटात.

"वर्षसुद्धा झालं नाही," बायको माझ्या कानाशी म्हणाली. "तुमची शंभर वर्षं लवकर आली."

पहिल्यांदा घणाने प्रयत्न झाला. घण उडाला, चौथरा तसाच. आमच्याकडे चहूबाजूंनी सोसायट्या उभ्या राहतायत, त्यामुळे काँक्रीट फोडायचा ब्रेकर हाकेच्या अंतरावर असतो. समोरच्या बांधकामावरचा कारागीर मशीन घेऊन आला, थोडा वेळ थरथरला, थांबला आणि कपाळ पुसत म्हणाला, "इतना सिमेंट किसने भरा है? अंदर क्या तिजोरी है?"

"इतिहास हाय," आप्पा म्हणाले, माझ्याकडे न बघता.

अखेर डबा निघाला. एका बाजूने चेपलेला, पण झाकण घट्ट. काकीने तो माझ्या हातातून काढून घेतला, डिस्कचं पाकीट बाहेर ठेवलं आणि डबा पदराने पुसून घरात नेला. तिच्यापुरतं उत्खनन यशस्वी झालं होतं.

डिस्क बघून मला उचंबळून आलं. ओरखडा नाही, डाग नाही. आरशासारखी. ती मी ओसरीवर पाटावर ठेवली आणि हात धुवायला गेलो. माझी चूक इतकीच. हात धुवायला किती वेळ लागतो? पण आमच्या घरात जमिनीतून वर आलेली वस्तू पाटावर ठेवली की तिला नुसतं बघत कुणी बसत नाही.

परत आलो तर काकी डबा ठेवून ताम्हण घेऊन आली होती आणि डिस्कवर हळदीकुंकू वाहून झालं होतं. ओलं कुंकू. मधोमध नव्हे, अगदी चकाकत्या अंगावर, बोटभर. वर अक्षता.

"काकी," मी म्हणालो, "त्या बाजूला नाही लावायचं."

"मग कुटल्या? त्या बाजूला तुज्या दुकानाचं नाव हाय. तुजी पूजा करू व्हय?"

तिचं चुकत नव्हतं. दुसऱ्या बाजूला मी छापील अक्षरांत दुकानाचं नाव, 'सर्व प्रकारचे शूटिंग स्वीकारले जाईल' वगैरे चिकटवलं होतं. मी तिला समजावायला तोंड उघडतो तोवर आप्पा वाकले, त्यांनी डिस्कला बोटं लावून ती कपाळाला लावली. त्यांच्यामागे भावकी. एकेक जण येतोय, बोटं टेकवतोय, छातीला लावतोय. एका काकाचा हात तर नुकताच भजी खाऊन आलेला. मेथीच्या वाफ्यात जत्रा उतरली.

मी शर्टाच्या टोकाने पुसलं. कुंकू गेलं नाही, पसरलं. आधी एक टिळा होता, आता सबंध डिस्कला लाली आली.

आता दुसरा प्रश्न. लावायचं कुठे? दुकानातला माझा ड्राइव्ह केव्हाच गेला होता. एकदा लाइट गेली, आली, परत गेली, त्या धामधुमीत त्याने तोंड उघडलं ते मिटलंच नाही, आणि पुढे त्यात पालीने संसार थाटला. पुण्यात एका मोठ्या दुकानात फोन केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, ग्रामोफोनपण हवाय का?"

मी कपाळाला हात लावून बसलो होतो, तेव्हा बायको भाजी निवडत म्हणाली, "मारुंजीत आहे की."

मारुंजीत तिच्या माहेरची बिल्डिंग आहे, खोल्या भाड्याने. वरच्या खोलीत आयटीतली दोन मुलं राहतात. त्यातल्या एकाकडे गेम खेळायचा काळा डबा आहे, ज्यातून दिवसभर बॉम्ब पडतात आणि खालच्या बिऱ्हाडाच्या तक्रारी येतात. "त्यात चकती जाते," ती म्हणाली. "मी बघितलीय. निळ्या डबीतली."

मी लगेच चौकशी केली. खरं होतं. त्या गेमच्या डब्याच्या पोटात ब्लू-रेचाच ड्राइव्ह होता. म्हणजे माझं भविष्य मेलं नव्हतं, ते मारुंजीत भाड्याने राहत होतं.

रविवारी सकाळी आम्ही जीपने निघालो. आप्पा, काकी, मूर्तिकार, बायको, मी. दार उघडलं ते चष्मेवाल्या मुलाने. समोर मालकांची मुलगी, मागे फेटा बांधलेला म्हातारा, नऊवारीतली काकी आणि हाताला माती लागलेला एक धिप्पाड माणूस. पोराचा चेहरा उतरला.

"ताई, पार्टी नव्हती," तो म्हणाला. "खरंच. बाटल्या आधीच्या भाडेकरूच्या आहेत."

"कुठल्या बाटल्या?" बायकोने विचारलं.

आतून दुसरा मुलगा हिंदीत म्हणाला, "अरे, तूने बता भी दिया?"

काकी आत शिरली, खिडकीतल्या हिरव्या बाटलीत लावलेला मनीप्लांट बघून म्हणाली, "पोरांनी झाड चांगलं जगवलंय," आणि विषय मिटला. आम्ही कशासाठी आलोय ते मी सांगितल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना वाटत होतं खोली खाली करायची आहे. बैल बघायचाय म्हटल्यावर त्यांना इतकं हायसं वाटलं की चष्मेवाला चहाच ठेवायला धावला.

आप्पांसाठी त्यांनी मोठ्या मानाने ती बसायची मऊ पिशवी पुढे केली, ज्यात थर्माकोलचे दाणे असतात. आप्पांनी तिला पायाने चाचपलं. "ह्याच्यात बसायचं का ह्याच्यात भरायचं?" बसले ते कमरेपर्यंत आत गेले. फेटा, गुडघे आणि मिशा एवढेच वर. उठायचा एक प्रयत्न केला, मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. घरी जाताना वढून काडा."

माझं लक्ष मात्र भिंतीवरच्या टीव्हीकडे. हा भला थोरला. इतक्या मोठ्या पडद्यावर, इतक्या स्वच्छ, ती चप्पल दिसणार होती. बाभळीखालचा बैल संपला की आभाळ, टोप्या, चप्पल. आणि समोर ज्यांना मी इतके दिवस 'असा घावलाय की बास' सांगत आलो ते आप्पा, मूर्तिकारासकट.

दुसऱ्या मुलाने डिस्क हातात घेतली. उजेडात धरली. "अंकल, ये लाल क्या है?"

"प्रसाद," मी म्हणालो.

डबा घरघरला. आत काहीतरी दोनदा अडखळलं. पडदा काळा, अजून काळा. मी अर्धा देवाला म्हणत होतो लागू दे, अर्धा म्हणत होतो नको लागू. मग चित्र आलं. सबंध भिंतभर माझं नाक. कॅमेरा चालू झाला की नाही हे बघायला मी भिंगात डोकावलो होतो. आतले केससुद्धा एकेक वेगळे.

"मेथी," आप्पा पिशवीतून म्हणाले.

माझं नाक बाजूला झालं आणि बाभूळ आली. सावली, दावं, पेंड खाल्लेलं घमेलं. आणि बैल. त्याच्या अंगावरचा केस आणि केस, कानातला लाल गोंडा, डोळ्याच्या कडेचं पाणी, त्यावर बसलेली माशी. घाटात धावायला आलेला हा पैलवान उभा होता निवांत, आमच्याकडे बघत, लोळत पडलेल्या म्हाताऱ्या माणसासारखा बेफिकीर. त्याने कान हलवला. मान तिरकी केली. मग जीभ बाहेर काढली, लांबलचक, जांभळट, आणि सावकाश उजव्या नाकपुडीत घातली.

तिथे डिस्क अडकली.

चित्र थांबलं ते थांबलंच. जीभ नाकात, डोळे अर्धे मिटलेले, एक कान पुढे, एक मागे, आणि नजर सरळ समोर बसलेल्याकडे. डबा आतून कुरकुरत होता, कुंकवातून वाट काढायचा प्रयत्न करत होता.

मूर्तिकाराने माझ्याकडे बघितलं, मी टीव्हीकडे.

"ह्योच," आप्पा म्हणाले.

त्यांचा आवाज जरा वेगळा आला म्हणून काकीने खाली बघितलं. आप्पा हसत होते. पिशवीत रुतलेले, पोट हलतंय, फेटा तिरका झालेला, डोळ्यांतून पाणी. "ह्योच त्यो. बगा. मी दान्याचं घमेलं घिऊन गेलो की असंच करायचा. म्हनायचा, आन लौकर. बगा कसा बगतुया माज्याकडं."

"मला बी तसंच करायचा," काकी म्हणाली. "मी नाक पुसायची त्याचं. रोज. द्वाड."

"मला तोंडी सांगता येत नव्हतं," आप्पा मूर्तिकाराला म्हणाले. "हे असं. असाच पायजे."

मूर्तिकार वही काढता काढता थांबला. "असा म्हणजे... जिभेसकट?"

"मग?"

"आप्पा, सगळे गाडामालक येणार. लोकांच्या बैलांचे पुतळे छाती काढून उभे असतात. हा नाकात जीभ घालून..."

"त्यो घालायचा."

"लोक हसतील."

"हसू द्या. जित्ता असताना बी हसायचीच की. घाटात पळाया लागला की मग गप व्हायची."

मूर्तिकार उभा राहून, टीव्हीजवळ जाऊन रेखाटायला लागला. चष्मेवाल्याने चहा दिला. इतका वेळ चित्र हललं नव्हतं. शेवटी दुसरा मुलगा उपकार करायला उठला. म्हणाला, अंकल, माझ्याकडे लेन्स पुसायचा खास कपडा आणि द्रव आहे, डिस्क एकदम साफ होईल, आगे का पूरा रेस दिखेगा.

त्याने डब्याच्या बटणाकडे बोट नेलं. मी म्हणालो, "नको, जुनी डिस्क आहे, कशाला त्रास." तो म्हणाला, त्रास काहीच नाही. मी म्हणालो, कुंकू असं पुसत नाहीत. तो म्हणाला, पण हे तर कुणीतरी आधीच पुसलंय. बायको माझ्याकडे बघत होती. तिला डोळ्यांवरून कळतं. आभाळ, टोप्या, चप्पल हे तिने त्याच वेळी कॉम्प्युटरवर बघितलं होतं.

"ऱ्हाऊ दे रं पोरा," आप्पा म्हणाले. "पुडचं मी सवता बगितलंय. ह्यो शूटिंग करत असताना खाली पडला होता, ते बी बगितलंय."

मी चहाचा कप तोंडाला लावला. त्यात चहा नव्हता, तो मी आधीच संपवला होता.

आप्पांना पिशवीतून काढायला चौघं लागली.

पुतळा वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी बसला. फोडलेला चौथरा गवंड्याने पुन्हा नीट केला. या वेळी मला सिमेंटजवळ येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी माणसं जमली. गाडामालक गळ्यात साखळ्या, पांढरे कपडे, करडे चेहरे. आप्पांनी वरचं कापड ओढलं. रस्त्यावरची एक गाडी हळू झाली, मग थांबली. जमलेली मंडळी बघत राहिली. वशिंड जोरदार, पाय घाटात रोवल्यासारखे, आणि जीभ नाकात.

पहिल्या रांगेतल्या एका जाड गाडामालकाला हसू आवरेना. त्याने उपरण्याने तोंड झाकलं. त्याच्या शेजारच्याने त्याला कोपर मारलं आणि स्वतःच खिंकाळला. मग सबंध मांडव. श्राद्धाला असं हसणं मी पाहिलं नव्हतं. आणि हसता हसता लोक बोलायला लागले: आमच्या घाटावर पण असंच केलं होतं ह्याने, माझ्या टोपीला जीभ लावली होती, माझ्या पोरीच्या हातातलं केळं. ज्याच्या त्याच्या तोंडी बैल. आप्पा मधोमध उभे राहून एकेकाला म्हणत होते, "बगा, बगा कसा बगतुया."

काकी ताम्हण घेऊन पुढे झाली. ओवाळलं. मग ताम्हण डाव्या हातात घेतलं, पुतळ्याजवळ गेली आणि बोलता बोलता, सवयीने, पदराच्या टोकाने त्याचं नाक पुसलं.

रंग अजून ओला होता. निम्मी नाकपुडी पदराला आली.

मूर्तिकार ब्रश आणायला धावला. आप्पांनी त्याला हाताने थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तिनं पुसल्यावर असंच दिसायचं."